तारीख नसलेलं औषध

"हात लावायचा नाही म्हणजे नाही, ग्लेनिस! चाचणीच्या माहितीला कुलूप लागलंय."

"कुलूप तोड म्हणतेय का मी? एक ओळ टाक म्हणतेय. तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात. एकच ओळ."

"आणि त्या ओळीत काय लिहू? 'आमच्या बाईंना सकाळपासून भीती वाटतेय'?"

"लिही. खोटं नाही ते."

मिर्कोनं हातातली अर्धी खाल्लेली खिम्याची पास्टी कागदी पिशवीत परत कोंबली. त्याच्या मिशीला पापुद्र्याचे कण चिकटले होते. एरवी ग्लेनिसनं ते दाखवून दिले असते. आज तिचं लक्ष त्याच्या ओठांवर नव्हतं, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरल्या घड्याळावर होतं.

"हे बघ," तो खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "अँटिबायोटिक जुलैमध्ये सुरू झालं. दिवस कुणी लिहिला नाही. दिवस नसेल तर काय धरायचं, याचा नियम आहे आपला. नियम लिहिला कुणी?"

"मी."

"खाली सही कुणाची?"

"माझी. शेजारी तुझी."

"झालं तर मग!"

"काय झालं? तो पोरगा न्हाणीघरात कोसळला तेव्हा हे औषध त्याच्या पोटातच नव्हतं, मिर्को! कोसळल्यावर मिळालंय त्याला. आणि आपला तक्ता सांगतोय की पहिल्या दिवसापासून घेत होता. दुपारी सुरक्षा समितीतले डॉक्टर बघतील आणि म्हणतील, हां, ह्या एरिथ्रोमायसिननं कधीकधी हृदयाचा ठेका चुकतो, त्यानंच पडला असेल. आपल्या नव्या गोळीकडं कुणी वळूनही बघणार नाही. आणि उद्या सकाळी पुढच्या आठ पोरांना दुप्पट डोस!"

"हळू बोल," मिर्को दाराकडं बघत म्हणाला.

"हळूच बोलतेय मी. कापतोय तो आवाज माझा नाही, टेबल आहे. गुडघा लागलाय त्याला."

खरंच, टेबलावरचा चमचा कपात किणकिणत होता.

ग्लेनिस ट्रेलोर औषध-चाचण्यांची माहिती सांभाळणाऱ्या ॲडलेडच्या त्या कचेरीत सोबतच्या औषधांची बाई होती. नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालते, तेव्हा ती माणसं काही नुसती तेवढीच गोळी गिळून बसत नाहीत. डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घेतात, दम लागला की फवारा मारतात, मावशीनं दिलेलं माशाचं तेल पितात. हे सगळं दवाखान्यातल्या नर्सेस संगणकावर चढवतात, आणि ते जसंच्या तसं ग्लेनिसपुढं येऊन पडतं. एकाच गोळीची नाना स्पेलिंगं. 'निळा पंप' म्हणून लिहिलेला दम्याचा फवारा. 'झोपेचं काहीतरी.' ती एकेक नाव धुऊन पुसून औषधांच्या कोशातल्या खऱ्या नावाला जोडायची, कुठल्या जातीचं औषध ते ठरवायची, आणि मग तिचं खरं काम: ते चाचणीच्या आधीचं, चाचणीच्या काळातलं की नंतरचं, हे लावून द्यायची. त्याला तारीख लागते. आणि लोकांना औषधाची तारीख कधी म्हणून आठवत नाही. 'जुलैमध्ये' म्हणतात. 'बहुतेक जुलै.'

दिवस माहीत नसेल आणि महिना मात्र चाचणीच्या पहिल्या गोळीचाच असेल, तर ते औषध पहिल्या गोळीच्याच दिवशी सुरू झालं असं धरायचं, हा नियम तिनं भीतीपोटी लिहिला होता. एखादं औषध चाचणीच्या काळातलं असून नजरेतून सुटलं आणि त्यानं कुणाचं काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा सगळंच त्या काळातलं धरा. चुकायचंच असेल तर सावधपणाच्या बाजूनं चुकू, असं ती नव्या पोरांना सांगायची. इतकी वर्षं त्या नियमानं कधी दगा दिला नव्हता.

भीती हा तिचा जुना धंदाच होता म्हणा. ती पोर्ट पिरीची. शिशाच्या भट्टीखाली वसलेलं गाव. तिची आई दिवसातून दोनदा खिडक्यांच्या चौकटी ओल्या फडक्यानं पुसायची. पोरींनी कोरडं फडकं हातात घेतलं तर पाठीत धपाटा मिळायचा. "उडव, उडव धूळ! उडव आणि ओढ छातीत!" ठरावीक दिवशी आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचे आणि मग पत्रानं रक्तातल्या शिशाचा आकडा यायचा. आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाकीट फोडायची, आणि ग्लेनिस आकडा वाचायच्या आधी आईचं तोंड वाचायची. धाकट्या भावाचा आकडा मोठा आला त्या दिवशी आईनं काहीच केलं नाही, फक्त फडकं पुन्हा भिजवलं. तेव्हापासून ग्लेनिसला आकडा नुसता आकडा म्हणून कधी दिसलाच नाही.

पुढं गावातल्याच केमिस्टच्या गल्ल्यामागं ती बरीच वर्षं उभी होती. लग्न मोडलं तशी ॲडलेडला आली, संध्याकाळच्या वर्गात संगणक शिकली आणि ह्या कचेरीत चिकटली. इथंही तिच्या भित्रेपणाच्या गोष्टी सगळ्यांच्या तोंडी. इस्त्री बंद केली की नाही हे आठवेना म्हणून एकदा ती इस्त्रीच पिशवीत घालून ट्रॅमनं कामाला आली. फुटीच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या सामन्यांवर कचेरीत पैज लागायची, तेव्हा ही आपल्या संघाच्या विरुद्ध लावायची. "हरलो तर पैज तरी जिंकले," म्हणायची. लोक हसायचे, तीही हसायची.

एका गोष्टीवर मात्र तिला हसू यायचं नाही. दोनएक वर्षांपूर्वी एका यादीत रक्त पातळ करणारं औषध तिच्या नजरेस पडलं. ज्या माणसाच्या नावावर होतं, त्याला ते घ्यायला सक्त मनाई होती. तिनं धावाधाव केली, चाचणी थांबवली गेली, फोनावर फोन झाले. शेवटी निघालं काय, तर ते औषध त्याच्या बायकोचं होतं, नर्सनं चुकून त्याच्या पानावर चढवलेलं. चाचणी करवून घेणारी कंपनी चिडली आणि पुढचं काम दुसरीकडं घेऊन गेली. कचेरीतली दोन टेबलं रिकामी झाली. तिला कुणी शब्दानं बोललं नाही. नुसतं तिचं नाव 'सायरन' पडलं. वाढदिवसाच्या केकवर खेळण्यातला आगीचा बंब ठेवला होता पोरांनी. तिनं हसून मेणबत्ती विझवली, आणि मग बराच वेळ बायकांच्या स्वच्छतागृहात नळ सोडून उभी राहिली.

म्हणून आज सकाळी, जेव्हा तिला चौदा क्रमांकाच्या पोराच्या औषधापुढं ते कारण दिसलं, तेव्हा पहिल्यांदा तिनं संगणकाचा पडदाच बंद केला. चहा करून आणला. मग परत उघडला. कारण तिथंच होतं.

औषध: एरिथ्रोमायसिन. सुरुवात: जुलै, दिवस अज्ञात. कारण: भुवईवरची जखम चिघळली.

कारणाचा रकाना समितीपुढच्या तक्त्यात छापला जात नाही. तिथं फक्त औषधाचं नाव, तारखा, आणि शेजारी त्या माणसाला काय त्रास झाला ते. चौदाच्या शेजारी लिहिलं होतं: शुद्ध हरपून न्हाणीघरात पडला, भुवई फुटली.

भुवई पडल्यामुळं फुटली. जखम भुवई फुटल्यामुळं झाली. आणि औषध चिघळलेल्या जखमेसाठी दिलं. इतकं सरळ होतं. पण तिच्या नियमानं त्या औषधाला उचलून थेट पहिल्या दिवसावर नेऊन बसवलं होतं, पडण्याच्या कितीतरी आधी.

ग्लेनिसला ते स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही, मिर्कोच्या खोलीत जायच्या आधी ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली होती.

"तुला खात्री आहे?" मिर्कोनं आता विचारलं. चाचणीतल्या सगळ्या गणिताची जबाबदारी त्याची. दुपारी समितीपुढं तक्ते तोच मांडणार होता. "भुवई त्याआधी कधी फुटली नसेल कशावरून? फुटबॉल खेळत असेल. पोरंच ती. मागच्या वेळी पण तुला खात्री होती."

तो शेवटचं वाक्य बोलला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

"म्हणूनच तुझ्याकडं आलेय," ती म्हणाली. "म्हणूनच मला भीती वाटतेय. चुकले तरी भीती आणि बरोबर असले तरी भीतीच."

"आणि समज, त्याला औषध नसलेली खोटी गोळी मिळाली असेल तर? आठातल्या दोघांना ती मिळतेच. कुणाला ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही."

"मग समिती कुणाला कुठली गोळी मिळाली त्याचं बंद पाकीट फोडून बघेल ना! पण पाकीट फोडायला तिला कारण हवं. पोरगा उगाच पडला असं दिसलं तर ती फोडेल. आपण पडण्याला दुसरंच कारण नेऊन चिकटवलंय."

मिर्कोनं कपाळ चोळलं. "ग्लेनिस, आकडे बघून झाल्यावर नियम वाकवायचा नाही. ह्या धंद्यात ह्याहून मोठं पाप नाही. मी सांगायला हवं का तुला? तूच शिकवतेस सगळ्यांना. आज भल्यासाठी वाकवला, उद्या कुणीतरी गोळी चांगली दिसावी म्हणून वाकवेल."

"नियम नको वाकवू. फक्त सांग त्यांना."

"तक्त्यांच्या आधी ठरलेल्या आराखड्यात नाही ते सांगायचं तर कंपनीची परवानगी हवी. कंपनी अमेरिकेत. झोपलीत ती माणसं."

"मग उठव!"

"मी मेल टाकलाय. काय उत्तर येणार ते तुलाही ठाऊक आहे." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "दवाखान्याला विचार. त्यांनी तारीख दिली तर बघू. माझ्याकडून इतकंच."

ग्लेनिस आपल्या टेबलाशी आली. दवाखान्यातली नर्स व्हूला दहाएक वर्षांपासूनची ओळखीची, पण ओळख सगळी फोनावरची. तिनं दोनदा चुकीचा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा लागला.

"बोला."

"व्हूला, मी ग्लेनिस. औषधांवाली."

"अगं बाई, तू? पॅरासिटामॉलला दोन एल घातले का मी परत?"

"नाही. चौदा नंबरचा मुलगा आठवतो? पडलेला?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज. "न आठवायला काय झालं? मीच उचलला त्याला. पांढराफटक पडला होता, ओल्या टॉवेलसारखा. भुवईतून रक्त. मी पट्ट्या लावल्या. का गं?"

"ते एरिथ्रोमायसिन त्यानं कधी सुरू केलं?"

"नंतर. घरी गेल्यावर जखम पिकली, त्याच्या डॉक्टरनं दिलं. त्याला पेनिसिलिन चालत नाही. मी विचारलं, कुठल्या दिवशी? तर म्हणाला, जुलैतच कधीतरी. हल्लीच्या पोरांना जेवलो का ते आठवत नाही. म्हणून दिवस रिकामा सोडला. खोटी तारीख कशी लिहू?"

ग्लेनिसनं डोळे मिटले. तिचं बरोबर होतं. पण सुटल्यासारखं काही वाटेना.

"व्हूला, ते औषध पडण्यानंतरचं आहे, एवढं तरी आता तिथं चढव."

"कुठं चढवू, राणी? पानं राखाडी झालीत. तुमच्या लोकांनी कुलूप लावलं ना! अक्षर टाकता येत नाही."

"तुमचे डॉक्टर काय म्हणाले होते?"

"त्यांनी लिहिलंय, गोळीशी संबंध असू शकतो. त्यांना वाटतं समिती सगळं वाचते."

"समिती तक्ता वाचते."

"मग तक्त्यात लिहा की!"

"तक्त्यात बसत नाही ते."

व्हूला हसली. तिला वाटलं ग्लेनिस नेहमीसारखी कुरकुरतेय. मग पलीकडचं हसणं अर्ध्यावर तुटलं.

"ग्लेनिस, खरं सांग. तुमच्या तक्त्यात काय आहे?"

ग्लेनिसनं सांगितलं.

"माझे आई," व्हूला हळूच म्हणाली. तिच्या मागून हशा आणि टाळ्यांचा आवाज आला. "ऐकू येतंय? उद्याची आठ पोरं. काल संध्याकाळीच दाखल झालीत, पत्ते खेळतायत. एकजण मला सारखा विचारतोय की सकाळी गोळीआधी टोस्ट मिळणार का. मी काय सांगू त्याला?"

"तुझ्या डॉक्टरांना सांग. आत्ता."

"ऑपरेशनमध्ये आहेत, बाहेर आले की सांगते. पण समितीनं हो म्हटलं तर ते एकटे काय अडवणार? त्यांचंही ऐकून घेतात का कुणी? हे बघ, मी तुला हे फोनावर सांगितलं, ह्याला काही अर्थ आहे का? कागदावर नाही ना हे?"

"नाही."

"मग आपण दोघी कोण गं सांगणाऱ्या?" व्हूलाचा आवाज पार बारीक झाला होता. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

ग्लेनिस रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. समोरच्या टेबलावरची पोरगी शनिवारच्या सामन्याबद्दल काहीतरी विचारत होती. ग्लेनिसला तिचे ओठ हलताना दिसले, शब्द आले नाहीत. तिच्या मनात दोन टेबलं होती. खिडकीजवळची दोन रिकामी टेबलं. त्यातल्या एकावर बसणारी बाई जाताना आपली कुंडी हिला देऊन गेली होती. आणि त्या टेबलांच्या पलीकडं पत्ते खेळणारी आठ पोरं, ज्यांचे चेहरे तिनं कधी पाहिले नव्हते, पाहणारही नव्हती. तिच्याकडं ती नेहमी नंबर म्हणून यायची.

ती उठली. मिर्को कागद गोळा करून कोट चढवत होता.

"नंतरचं आहे," ती म्हणाली. "व्हूलानं पट्ट्या लावल्यात स्वतःच्या हातानं. औषध त्यानंतर."

"लेखी दिलं?"

"पान राखाडी झालंय."

मिर्कोच्या कोटाची बाही उलटी झाली होती, ती सरळ करण्यात त्यानं बराच वेळ घालवला.

"कंपनीचं उत्तर आलंय," तो शेवटी म्हणाला. "कुणीतरी जागं होतं बिचारं. 'आराखड्याप्रमाणे मांडावे.' तीन शब्दही नाहीत धड."

"तू काय करणार?"

"मी तक्ता मांडणार. आराखड्याप्रमाणे. कुणी विचारलं की ह्या औषधाची तारीख नक्की आहे का, तर सांगणार की नियमानं भरलेली आहे. खोटं बोलणार नाही मी."

"कुणी विचारलं नाही तर?"

"ग्लेनिस, मला दोन मुली आहेत."

"मला माहितीय. मोठीनं कालच अठरा पूर्ण केली. उद्या तीही कुठल्यातरी चाचणीत जाऊन झोपू शकते, पैसे मिळतात, सुट्टीतला खर्च निघतो म्हणून."

त्याचा चेहरा पडला. "हे बोलायचं नव्हतंस."

"नव्हतं बोलायचं," ती लगेच म्हणाली. "चुकलं माझं. पण मागं नाही घेत."

बोळाच्या टोकाला काचेची खोली होती. आत भिंतीवरच्या पडद्यावर एकेक चेहरा उमटत होता. होबार्टची पांढऱ्या केसांची हृदयाची डॉक्टर चष्मा पुसत होती. तिच्याशेजारच्या चौकटीत कुणीतरी सँडविच खात होतं. दारावर पाटी लटकवलेली: बैठक चालू आहे, आत येऊ नये.

मिर्को बोळात निघाला. दोन पावलांवर थांबला, कारण ग्लेनिस त्याच्या मागं येत होती.

"कुठं निघालीस?"

ती चालत राहिली.

"ग्लेनिस, ऐक. तुझं नाव त्या बैठकीत नाही. आत पाऊल टाकलंस तर उद्या तुझी इथं खुर्ची नसेल. कदाचित माझीही नसेल. आणि तुझं चुकीचं निघालं तर? मागच्यासारखं निघालं तर?"

तिचा हात भिंतीला घासत चालला होता. तळवा घामानं ओला झाला होता, रंगावर त्याचा पट्टा उमटत होता.

"कोण तुम्ही, असं विचारतील ते. काय सांगशील? सांग ना मला, काय सांगशील त्यांना?"

ग्लेनिस त्याच्या अंगावरून पुढं गेली, पाटी बाजूला केली, आणि काचेचं दार ढकलून आत गेली.